मुंबई ते टोकियो विमानप्रवास: अंतर तेवढंच, मग जाताना आठ तास आणि येताना दहा का?

निंबोणी
नमस्कार मंडळी. दादा-वहिनी टोकियोत असतात, निशिकासाईला. त्यांच्याकडे बाळ आलंय आणि आईबाबा मार्चअखेरीस तिकडे जायचं म्हणतायत. बाबा ७२, आई ६८, दोघंही तसे हिंडतेफिरते पण बाबांना शुगर आहे आणि आईचे गुडघे दुखतात. इतक्या लांब विमानाने पहिल्यांदाच जाणार आहेत त्यामुळे तिकीट काढायच्या आधी मी नीट माहिती काढायला बसलो तर गोंधळ वाढलाच.

एका ठिकाणी मुंबई-टोकियो अंतर ६,७३० किमी दिसतं, दुसरीकडे ६,७९० आणि तिसरीकडे सात हजारांच्या वर. वेळेचं तर विचारूच नका. थेट विमानाला जाताना आठ-सव्वाआठ तास दाखवतात आणि येताना साडेनऊ-दहा. रस्ता तोच ना? मग पावणेदोन-दोन तास जातात कुठे? आणि खरा प्रश्न असा की या वयाच्या माणसांना थेट न्यावं की मध्ये बँकॉक-सिंगापूरला थांबवून पाय मोकळे करू द्यावेत? ज्यांनी आपल्या आईवडिलांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तांबडीमाती
येताना बॅगा जड असतात ना, म्हणून वेळ लागतो :)

फिरस्ता_सातारा
अंतराचा गोंधळ सोपा आहे. टोकियोला दोन विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता. मुंबईहून हानेदा सरळ रेषेत साधारण ६,७३० किमी आणि नारिता त्याच्याही पुढे पूर्वेला असल्यामुळे ६,७९० च्या आसपास. म्हणजे पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत. पावणेसात हजार धरून चाला. सात हजारांच्या वरचा आकडा बहुतेक विमान खरोखर उडतं त्या मार्गाचा असणार.

आणि तिकिटावर जी वेळ असते ती नुसती हवेतली नसते बरं का. इथे गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू आणि तिथे गेटला लागलं की बंद. धावपट्टीसाठी रांगेत थांबणं, उतरायच्या आधी घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबईत संध्याकाळी ही रांग बरीच लांब असू शकते.

भूगोलाचे_सर
शाळेत पृथ्वीगोल असेल तर एक करून बघा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं टोकियोवर आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात बघून आपल्याला वाटतं की विमान बंगालचा उपसागर, थायलंड, व्हिएतनाम, तैवान असं जात असेल. दोरा मात्र मुंबईहून थेट ईशान्येला निघतो, बिहार ओलांडून नेपाळमधल्या विराटनगरच्या आसपास पोचतो, तिथून भूतान, तिबेटचा आग्नेय कोपरा, मग चीनमधलं चेंगदू, पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि जपान. प्रवासाचा बरोबर मध्यबिंदू चेंगदूच्या थोडा उत्तरेला येतो. मी हे गणित मुलांना करून दाखवतो तेव्हा मुंबईच्या मुलाला जपानला जायचा जवळचा रस्ता बिहारवरून आहे हे पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की विसरत नाही.

कुतूहल
सर, मस्तच. पण मग विमान खरंच भूतान-तिबेटवरून जातं का? मी ऐकलंय की चीन आपल्याला तिथून उडू देत नाही म्हणून लांबून जावं लागतं आणि म्हणून वेळ जास्त लागतो.

धावपट्टी
कुतूहल, चीनवरून उडतातच की. भारतातून जपान-कोरियाला जाणारी कितीतरी विमानं रोज चीनवरून जातात. तिबेट टाळण्याचं मुख्य कारण वेगळं आहे आणि ते सगळ्यांना समजावं असं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, माझं काम विमानांचे मार्ग आखण्याचंच आहे.

विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वरून मास्क खाली येतात हे आपण सूचनांमध्ये ऐकतो. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बऱ्याचशा विमानांत साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणायचं असतं, म्हणजे मास्कशिवाय श्वास घेता येईल. आता तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे पावणेपंधरा हजार फूट. खाली यायला जागाच नाही! त्यात आणीबाणीत उतरायला विमानतळ कमी. म्हणून पठाराच्या मधून जाणारे मार्ग मोजकेच आहेत आणि त्यांना खास तयारी लागते.

त्यामुळे मुंबई-टोकियो विमानं सहसा दोऱ्याच्या दक्षिणेने जातात. कोलकात्याची बाजू, बांगलादेश, म्यानमार, मग कुनमिंगवरून चीनमध्ये, शांघायच्या बाजूने समुद्रावर आणि जपानच्या क्यूशू बेटाकडून वर टोकियो. याने काहीशे किमी वाढतात. पण हे जाताना आणि येताना सारखंच असतं, म्हणजे दोन तासांच्या फरकाचं उत्तर यात नाही. ते वाऱ्यात आहे. आता ड्यूटीवर निघालोय, बाकीचं रात्री लिहितो.

अंजनवेल
ऑक्सिजनचं वाचून आता सूचना चालू असताना मोबाईल बाजूला ठेवणार हे नक्की.

मिरजकर_मावशी
पण मला एक सांगा, पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली ना २०२५ मध्ये, त्यामुळे पण वेळ वाढला असेल. आमच्या भाचीच्या लंडनच्या विमानाला तेव्हा बराच जास्त वेळ लागला होता.

फिरस्ता_सातारा
मावशी, ते पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी. आपण इथे पूर्वेला चाललोय, वाटेत पाकिस्तान येतच नाही. रशियाचंही तसंच. २०२२ पासून जपानी कंपन्या रशियावरून उडत नाहीत त्यामुळे टोकियो-लंडन बाराचे चौदा तास झाले, पण मुंबई-टोकियोला त्याची झळ नाही.

धावपट्टी
हं, आता वारा.

साधारण १० ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेने उत्तर भारतावरून, चीनवरून जपानकडे जाते आणि जपानवर पोचेपर्यंत फार जोर धरते. कधी कधी ताशी ३०० किमीच्या वर. जगात जिथे हा वारा सगळ्यात जोरात असतो त्यातली एक जागा म्हणजे जपानचं आकाश.

सोपा हिशोब करू. मार्ग ७,००० किमी धरा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी. संपूर्ण वाटेवर सरासरी १०० चा वारा पाठीमागून मिळाला तर जमिनीच्या हिशोबाने वेग १,०००, म्हणजे ७ तास. येताना तोच वारा समोरून, वेग ८००, म्हणजे पावणेनऊ तास. दोन्हीकडे विमानाचं जमिनीवरचं चालणं, चढणं-उतरणं मिळून पाऊण तास घाला. पावणेआठ आणि साडेनऊ. झाला तुमचा पावणेदोन तासांचा फरक.

यात अजून एक बारकावा आहे जो मला स्वतःला फार आवडतो. वारा अजिबात नसता तर हवेतले पावणेआठच्या थोडे वर तास लागले असते. म्हणजे जाताना वाऱ्याने ४७ मिनिटं वाचवली पण येताना ५८ मिनिटं खाल्ली. वारा दोन्ही वेळा तेवढाच, तरी हिशोब बरोबरीत सुटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून येताना आम्ही असा मार्ग शोधतो जिथे वारा कमी लागेल, मग तो अंतराने लांब असला तरी चालतो. कमी किमीचा मार्ग म्हणजे कमी वेळेचा मार्ग असं आमच्या कामात धरताच येत नाही.

भूगोलाचे_सर
धावपट्टी, उत्तम लिहिलंत, वर्गात वापरणार. यात भर घालतो. या वाऱ्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास जपानमध्येच झाला. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजत होते. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि जपानबाहेर जवळजवळ कुणी वाचलाच नाही. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा या वाऱ्याने त्यांची नेमबाजी पार विस्कटली. त्याच सुमारास जपानने याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले हजारो फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले. ओइशींचं काम जगाने वेळेवर वाचायला हवं होतं असं मला फार वाटतं.

कुतूहल
मग उन्हाळ्या-पावसाळ्यात फरक कमी होतो का?

धावपट्टी
होतो. मे-जूनपासून ही शाखा हिमालयाच्या उत्तरेला सरकते आणि जपानवरचाही जोर उतरतो. शिवाय पावसाळ्यात आपल्या दख्खनवर खूप उंचावर उलटा, म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा असतो. पी. कोटेश्वरम या आपल्या शास्त्रज्ञांनी तो १९५० च्या दशकात दाखवून दिला. तेव्हा जुलै-ऑगस्टला जाण्या-येण्यातला फरक बराच घटतो. निंबोणी, मार्चअखेर म्हणजे अजून वारा जोरात असण्याचेच दिवस, त्यामुळे येतानाचे दहा तास धरूनच चाला. जपानच्या जवळ हादरे बसू शकतात, पट्टा बांधूनच बसायचं एवढं आईबाबांना आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

जुनी_पानं
इतिहास निघालाच आहे तर थोडं माझंही. मुंबई-जपान हे नातं विमानाच्या कितीतरी आधीचं. १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने मुंबईची बोट सुरू केली, त्यांची परदेशातली पहिली लांब पल्ल्याची नियमित सेवा. आपला कापूस तिकडच्या गिरण्यांना हवा होता आणि जमशेटजी टाटांनी त्यासाठी पुढाकार घेतला, कारण इंग्रजी बोट कंपन्यांचं भाडं परवडत नव्हतं. त्याच वर्षी विवेकानंद ३१ मेला मुंबईहून निघाले, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत जपानला पोचले आणि १४ जुलैला योकोहामाहून पुढे कॅनडाला गेले.

विमान आलं १९५५ मध्ये. एअर-इंडिया इंटरनॅशनलचं चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग असे थांबे घेत टोकियोला जायचं. आणि २००७ मध्ये एका जपानी कंपनीने मुंबई-नारिता मार्गावर छोटं बोइंग ७३७ आणलं, त्यात सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या. एवढ्या लांब छोटं विमान न्यायचं तर माणसं कमी आणि इंधन जास्त घ्यावं लागतं, विशेषतः येताना समोरचा वारा असतो म्हणून. मला या सगळ्यात टाटांचं कौतुक वाटतं. वेळेपेक्षा भाड्याचा प्रश्न त्यांनी आधी ओळखला.

तांबडीमाती
म्हणजे तिकीट महाग हे रडगाणं १८९३ पासूनचं आहे!

एदोगावाकाठ
मी निशिकासाईतच राहते. निंबोणी, तुझ्या दादा-वहिनींना कदाचित ओळखतही असेन, इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत. आमच्या एदोगावा वॉर्डातून योगेंद्र पुराणिक २०१९ ला नगरसभेवर निवडून आले होते ते तुम्ही वाचलं असेल.

विमानाचे आठ तास की दहा यावर एवढी चर्चा झाली पण माझं म्हणणं आहे की घर ते घर मोजा. ठाण्या-पुण्याहून निघून मुंबई विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. इकडे उतरल्यावर परदेशी माणसांचे बोटांचे ठसे आणि फोटो, सामान, कस्टम्स. त्यानंतर नारिता असेल तर टोकियोचं मुख्य स्टेशन साठ-पासष्ट किमी लांब, रेल्वेने तासभर. हानेदा असेल तर शहराला लागूनच. निशिकासाईला यायला नारिताहून एक-दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि आईचे गुडघे दुखत असतील तर स्टेशनातले जिने-लिफ्ट हे विमानापेक्षा जड जाऊ शकतं. हानेदाला उतरणारं विमान तासाभराने लांबचं असलं तरी मी वयस्कर माणसांसाठी तेच घेईन. नारिताच असेल तर दादाला गाडी घेऊन जायला सांग, रेल्वेच्या नादी लागू नका. माझ्या सासूबाई विमानात ताज्यातवान्या होत्या आणि स्टेशनातल्या चालण्याने दमल्या.

दुसरं, रात्री आठच्या आसपास निघणारं विमान असेल तर इथे सकाळी आठला उतरतं. घड्याळात बारा तास दिसतात, त्यातले साडेतीन घड्याळाच्या फरकाचे. पण शरीराच्या हिशोबाने तेव्हा पहाटेचे साडेचार असतात! जेवण, दिवे, पुन्हा नाश्ता यात झोप मिळते जेमतेम चार-साडेचार तास. पहिल्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नका, बाळाला बघून झालं की झोपू द्या.

फिरस्ता_सातारा
एदोगावाकाठ, पूर्ण सहमत नाही. म्हणूनच तर मी मध्ये थांबा घ्या म्हणतो. आम्ही आईला बँकॉकला एक रात्र हॉटेलात ठेवून नेलं, तीन हजार किमी, साधारण चार तासांचा पहिला टप्पा. दुसऱ्या दिवशी आरामात सहा तासांचा दुसरा. ती अजिबात दमली नाही आणि तिकीटही स्वस्त पडलं.

अंतरं बघा. बँकॉकमार्गे एकूण साधारण ७,६०० किमी. हाँगकाँगमार्गे सव्वासात हजार, म्हणजे जवळजवळ वाटेवरच. दिल्लीमार्गे तर सात हजारच. सिंगापूरमार्गे मात्र ९,२०० च्या आसपास, खाली विषुववृत्तापर्यंत जाऊन परत वर यायचं. सिंगापूरचा विमानतळ कितीही सुंदर असला तरी या वाटेवर तो आडबाजूला आहे.

मिरजकर_मावशी
एक रात्र हॉटेल वेगळं आणि तीन तासांचं कनेक्शन वेगळं हो. आमच्यासोबत काय झालं ते सांगते. पहिलं विमान उशिरा सुटलं, मधल्या विमानतळावर या टोकाच्या गेटवरून त्या टोकाच्या गेटला आम्ही दोघं धापा टाकत गेलो, यांना दम लागला, माझ्या हातात औषधांची पिशवी. इंग्रजी येत नाही अशातला भाग नाही, पण त्या घाईत काही सुचत नाही. सोबत तरुण माणूस असेल तर थांबा घ्या. दोघेच जाणार असतील तर थेटच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. विमानात एकदा बसलं की निदान काळजी नाही.

फिरस्ता_सातारा
मावशी, हे मात्र मान्य. आईबरोबर मी होतो. दोघेच जाणार असतील तर माझंही मत थेट.

डॉक्टर_वाईकर
बाबांच्या शुगरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पूर्वेला जाताना दिवस साडेतीन तासांनी लहान होतो, त्यामुळे जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा जवळ येतात. इन्सुलिन असेल तर प्रवासाच्या दिवसाचा डोस कसा बदलायचा हे त्यांच्या डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, खाली सामानात गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शनची इंग्रजी प्रत सोबत हवी. नेहमीची औषधं महिनाभराची नेता येतात, त्यापेक्षा जास्त दिवसांची हवी असतील तर जपानकडून आधी परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रीन असतं, ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तिकडे बंदी आहे, तेव्हा घरातला औषधांचा डबा तसाच्या तसा उचलून नेऊ नका.

आईंसाठी मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या. दीड-दोन तासांनी उठून शौचालयापर्यंत फेरी, बसल्या जागी घोटे फिरवणं, पाणी भरपूर. बऱ्याच बायका शौचालयाला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, तसं अजिबात करू नये, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. येतानाचे दहा तास दिवसाचे असतात, झोप येत नाही, त्यामुळे तेव्हा हे जास्त पाळायचं.

अंजनवेल
आणि खाऊ काय न्यायचा? बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू जाणारच असतील!

एदोगावाकाठ
लाडू, भाजणी, मेतकूट, घरचा मसाला कोरडा आणि नीट बंद करून आणा, आम्ही आणतो. मांसाचं काहीही नको, सुकवलेलंही नाही, जपान फार कडक आहे. ताजी फळं आणि भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, कढीपत्त्याची जुडी आणि आंबे दोन्हीचा मोह आवरा. जे आणाल ते फॉर्मवर खरं लिहा, विचारलं तर उघडून दाखवा.

तांबडीमाती
डिंकाच्या लाडवांचा एक डबा चुकून निशिकासाईच्या दुसऱ्या घरी पोचला तर एदोगावाकाठ परत करणार नाहीत, पत्ता नीट लिहा.

निंबोणी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांना दोऱ्याची गोष्ट इतकी आवडली की पुतण्याचा पृथ्वीगोल काढून बसले. दोघेच जाणार आहेत त्यामुळे थेटच घेतोय, येतानाचंही थेट. थेट विमान नारिताला जातंय, दादा गाडी घेऊन येईल असं ठरलं. शेवटचे दोन प्रश्न. व्हीलचेअर मागितली तर आईला एकटीलाच नेतात का, बाबा मागे राहतील? आणि येताना खिडकीतून हिमालय दिसेल का, कुठल्या बाजूला बसावं?

मिरजकर_मावशी
बाबांना सोबतच ठेवतात, इमिग्रेशनच्या रांगेतही दोघांना एकत्र नेतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, आयत्या वेळी मागितली तर ताटकळत बसावं लागतं. आई म्हणतील मला काय धाड भरलीय, पण ऐकू नका. मुंबईत उतरल्यावर चालणं कमी नाहीये.

धावपट्टी
येताना उजवी बाजू. बांगलादेश-बंगालच्या आसपास हवा स्वच्छ असेल तर लांबवर बर्फाची रांग दिसू शकते. पण मार्ग त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरतो आणि मार्चमध्ये धुरकं असतं, त्यामुळे खात्री देत नाही. आईंना वाटेच्या कडेची, बाबांना खिडकीची, आणि दोन्ही एकाच रांगेत मिळतील अशी सीट आजच घेऊन टाका.

एदोगावाकाठ
जपानच्या कस्टम्स-इमिग्रेशनचा फॉर्म आधी ऑनलाइन भरता येतो, क्यूआर कोड मिळतो. तो तू भर आणि कागदावर छापून दोघांच्या पासपोर्टमध्ये ठेव. दादाच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर जपानी लिपीतही लिहून दे, विचारतात.